एक दात

थरथर कुठे, असं मी विचारत नाही.
थरथर कधी, ते विचारते.

बस्त्याव अंकल म्हणाले, चढाला.
फिल्मसिटीच्या गेटाच्या पुढे, वळणावर,
जिथे मागचा जनरेटर एकदम आठवण करून देतो
की तो दीड टनाचा आहे.
रिकामी गाडी? गप्प.
उतारावर? गप्प.
पाय उचलला की?
तेव्हापण गप्प. तिसऱ्यात, पस्तीसला, ओढतानाच फक्त.
आणि दोन्ही पंजे हवेत धरून दाखवलं,
स्टिअरिंग असं करतं.
सीट? सीटपण.

शेटने दोन टायर आधीच नवे घातलेले.
बॅलन्सिंगवाल्याने रिमला शिसं ठोकून
पावती दिलेली.
थरथर पावती वाचत नाही.

इद्रिस मिस्त्रीने शिकवलं होतं:
हातात आली तर पुढची चाकं,
बुडाखाली आली तर मागचा शाफ्ट.
दोन्हीकडे आली तर, उस्ताद?
यावर तो काडेपेटी शोधायला लागायचा.

पहाटे साडेपाचला मी चालवायला बसले,
अंकल बाजूला, जनरेटर मागे.
रस्त्याकडेला कुठल्यातरी सिनेमाची पोलीस चौकी,
पुढून दगडी, मागून प्लायवूड.
तिसरा. पस्तीस. चढ.
बुडाखाली गुरगुर सुरू झाली
आणि डॅशबोर्डवरची चिकटवलेली माउली
पदरासकट हलू लागली.
पाय उचलला, थांबली.
दाबला, आली.

स्टिअरिंग मात्र माझ्या बोटांत
पोट भरलेल्या मांजरासारखं पडून होतं.
मी परत एकदा चढ घेतला.
परत तसंच.
काही बोलले नाही.

गॅरेजात ट्रेलर न सोडताच खाली शिरले.
ओझ्याने पाटे बसलेले,
डिफरन्शियलचं नाक वर,
सेंटर बेअरिंगचं रबर एका बाजूने फाटलेलं.
आणि शाफ्टच्या दोन तुकड्यांवर दोन पांढरी टिंबं,
जी समोरासमोर हवीत,
ती एकमेकांना ओळख दाखवत नव्हती.
क्रॉस बदलताना कुणीतरी
एक दात चुकवून बसवलं होतं.
रिकाम्या गाडीला एका दाताची चूक पचते.
ओझं लागलं की चूक फिरायला लागते.

कुणीतरी म्हणजे, वही काढली,
मार्च महिना, माझंच अक्षर:
क्रॉस बदलला, आठशे, रोख.

दुपारपर्यंत रबर नवं, टिंबं समोरासमोर,
वरून माझ्या हाताने पांढऱ्या रंगाची एक जाड रेघ.
या वेळी चालवायला अंकल.
चढ आला, वळण आलं, पस्तीस आलं,
माउली उभी, जागच्या जागी.
सीट एकदम शांत, ते म्हणाले.
मग जरा वेळाने,
हातात थोडी आहे अजून.

वर सेटवर जनरेटर सोडला.
पोरं केबल ओढायला लागली.
आम्ही गाडीतच बसून राहिलो.
इंजिन बंद. ओझं उतरलेलं. हॅन्डब्रेक.
त्यांच्या मांडीवर उजवा हात,
अंगठा तर्जनीवर फिरत,
नसलेली गोळी वळत.

थरथर कधी?
मी विचारलं नाही, नुसती बघत राहिले,
त्यांनीच उत्तर दिलं: ईस्टरपासून.
घरी सांगितलंत?
गाडी हलत होती तोवर
तिच्या नावावर खपत होतं.

शेटचा फोन आला. सापडलं का काय?
सापडलं, म्हटलं. चूक माझी होती,
बिल लावत नाही.
अजून काही?
समोर दोन माणसं प्लायवूडचं देऊळ
खांद्यावरून नेत होती.
शेट, रेंज जातेय, मी म्हटलं.

अंकलनी हात खिशात घातला.
हसले.
परत एक दात चुकवून दे ना, पोरी.

मी खाली उतरले, पाण्याचा टँकर शोधला,
हात धुतले.
नखांतला पांढरा रंग निघाला नाही.