खिडकीवाले आधी

मिनियापोलिसला पहाटे पाच वाजता
बाहेर उणे बावीस, पंखांवर नारिंगी द्राव फवारणारा ट्रक,
आणि माझ्या गेटवर, मी अजून माइकला हातही लावला नाही
तोच एकशे बेचाळीस माणसं उभी.
खुर्च्या रिकाम्या आहेत. तरी उभी.

मी होदान वार्सामे. अकरा वर्षं हेच म्हणते आहे:
आधी ज्यांना चालायला वेळ लागतो ते,
मग गणवेशातले,
मग ज्यांचं कार्ड टेबलावर टाकलं की वाजतं ते,
मग दुसरा गट, तिसरा…
आठव्यापर्यंत येता येता माझाच आवाज
पातेल्याच्या तळाच्या खरपुडीसारखा खरवडून काढावा लागतो.
आठव्या गटाच्या बॅगा वर मावत नाहीत.
त्यांना ते ठाऊक असतं.
म्हणून तर तेच सगळ्यांत पुढे उभे असतात.

मागच्या मंगळवारी मुख्य कार्यालयातून लिंडक्विस्ट आला.
गळ्यात स्टॉपवॉच, बुटांवर रस्त्याच्या मिठाचे पांढरे डाग.
म्हणाला, मागून पुढे भरत येणं ही अडाणी समजूत;
त्यापेक्षा कुणीही कसंही घुसलेलं परवडतं.
खरी रीत अशी: खिडकीवाले आधी,
तेही मागून, एक ओळ सोडून एक,
मग मधले, मग वाटेकडचे.
संगणकात त्यानं हे दहा हजार वेळा केलं होतं.
मला दाखवलं: हिरवे ठिपके,
तुरुतुरु चालणारे, एकमेकांना न शिवणारे,
मुंग्यांनी धडा घ्यावा असे.
एकाही ठिपक्याच्या कडेवर मूल नव्हतं.

करून बघितलं. बिलिंग्जचं विमान.
सत्तावीस ए. पंचवीस ए. तेवीस ए.
एकवीस ए पुढे येईना.
एकवीस ए चार वर्षांची होती,
हातात एका कानाचा ससा.
बापाला मधली जागा; त्याची पाळी नंतर.
ऑर्व्हिल शुल्टे, नखांत ग्रीस, हळू बोलणारा माणूस,
म्हणाला, "बाई, ती एकटी कशी जाईल?"
लिंडक्विस्टनं घड्याळ थांबवलं नाही.
मीही नियम वाचला नाही. म्हटलं, जा दोघं.
मग त्यांच्यामागून एक सासू निघाली, एक नवरा,
नुकतंच लग्न झालेली एक जोडी,
कुणीतरी ज्याचं कुणीच नव्हतं, पण संधी होती,
आणि रांग उसवली,
एका टाक्यापासून स्वेटर उसवतो तशी.

तरी चार मिनिटं वाचली, असं त्यानं वहीत लिहिलं.
ती चार मिनिटं विमानानं बाहेर घालवली,
पंख धुऊन घ्यायला, रांगेत.
पाचवा नंबर होता.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही.
माझ्या कागदावर कधी कधी सगळ्यांत वर एक ओळ असते.
त्या दिवशी होती.
मिसेस डॉरथी एकेलुंड, वय एक्याण्णव, बिलिंग्जपर्यंत.
जागा नाही, गट नाही.
साडेचारलाच तिला खालून चढवलं, पोटाच्या दारानं;
पेटीवर पुठ्ठ्याचं आवरण, पट्ट्या घट्ट,
आणि खाली रॅम्पवर अब्दीनं टोपी काढली.
उणे बावीसमध्ये.
मी काचेतून बघत होते, माझा चहा तसाच राहिला.
तिच्यासाठी मी माइकवर काहीच म्हटलं नव्हतं.
तिच्याआधी कुणी नव्हतं.
वर एकशे बेचाळीस जण पहिलं व्हायला आले,
तेव्हा ती होऊन बसली होती.

संध्याकाळी लिंडक्विस्ट परत निघाला, माझ्याच गेटवरून.
सहावा गट.
कोट हातावर, खांबाला टेकून, अगदी पट्ट्यालगत,
पाऊल मात्र अर्धं पुढे.
थोड्या वेळानं जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला,
"जरा लवकर सोडता का? बॅग थोडी मोठी आहे."
मी विचारलं, खिडकी आहे का?
तो स्टॉपवॉचच्या दोरीशी चाळा करत राहिला.
"मधली," म्हणाला.