शेरा

देवगड बंदरावरच्या बर्फ कारखान्यात
रात्रपाळीचं रजिस्टर असतं. रकाने चार:
वेळ, दाब, तापमान, शेरा.
एकोणीस वर्षं शेऱ्याखाली मी लिहीत आलो, 'ठीक'.
एकदा लिहिलं होतं, 'अमोनिया गळती',
आणि एकदा, चुकून, माझंच नाव.

झोप कधी गेली त्याची नोंद नाही.
दिवसा पडून राहायचो. छपराचे वासे मोजायचो,
वासे संपले की कौलं.
डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. भावाने देवळात कौल लावला,
राखणदाराला नारळ झाला, कोंबडा झाला.
कोंबड्याला लागली असेल झोप.

मग मिठबावकर सिस्टरकडे गेलो.
अर्ध्या तालुक्याला सुया टोचून निवृत्त झालेली बाई.
मागच्या पडवीत, हापूसच्या रिकाम्या पेट्यांआड
तिच्या गुरूने दिलेलं तांब्याचं यंत्र.
लोक म्हणतात ती तंत्र करते. म्हणजे काय, विचारलं
की लोक आवाज खाली आणतात.
बायकोने बजावलं होतं,
लिंबू कापायला घेतलंन तर उठून या.

सिस्टरने लिंबू कापलं. सरबत केलं.
"पी. आनि मगे सांग, खय खय गेला ता."
पोटात, मी म्हटलं.
"आनि?"
पुढचं सांगता येईना.

मंत्र मागितला, दिला नाही.
मासे सोडू का, विचारलं. हसली.
"सोडून काय करतलस? खाताना खा.
दुपारी बांगडो खाल्लस, तेचो डोळो खंयच्या बाजूक होतो
सांग बघू माका."
तेही येईना.

मग शीर शोधताना टेकवतात तशी
दोन बोटं तिने माझ्या गुडघ्यावर टेकवली.
"हयसर माती."
बेंबीशी पाणी. छातीशी आग. भुवयांपाशी वारा.
टाळूवर बोटं नुसती धरून राहिली, बोलली नाही.
बाहेर ट्रॉलरवाल्यांचा हिशोबावरून दंगा चालला होता.

"सातेरीचा वारूळ बघितलस मा?
आत काय आसा म्हणान कोण उकरता?
वाळवी हाडता माती, येक येक कण.
तू पण बस. रोज. येक कण."

तर आता पावणेतीनला,
डबे मिठाच्या पाण्यात उतरवून झाले की
कॉम्प्रेसरच्या खोलीबाहेर गोणपाट टाकून बसतो.
पहिल्या रात्री डास.
दुसऱ्या रात्री पोराची फी.
तिसऱ्या रात्री मेव्हण्याशी भांडलो,
नऊ वर्षं आम्ही बोलत नाही,
तोंड न उघडता भांडलो आणि हरलो.
सहाव्या रात्री डावा पाय बधिर,
मातीपर्यंतसुद्धा पोचलो नाही.

नवव्या रात्री लाइट गेली.
कॉम्प्रेसर थांबला तेव्हा कळलं,
हा आवाज एकोणीस वर्षं मी ऐकलाच नव्हता.
आणि थांबल्यावरही तो गुडघ्यांत, दातांत, टाळूच्या आत
चालू होता,
किंवा दुसरंच काही चालू होतं, आधीपासूनचं.
किती वेळ, माहीत नाही.
पायाखाली ओल आली तेव्हा जनरेटरकडे धावलो.
चाळीस लाद्या गेल्या. मालकाने पगारातून कापल्या.

सिस्टरला सगळं सांगितलं. वाटलं, पाठ थोपटेल.
"आधी जनरेटर चालू करूक होयो होतो," म्हणाली,
आणि उकडे तांदूळ निवडत राहिली.

मंत्र अजून मिळालेला नाही.
रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मी रकाने आखलेत.
दोन पुरले असते, सवयीने चार आखले.
दाबाखाली काय लिहायचं ते कळलेलं नाही.

रात्र सतरावी. वेळ दोन पन्नास.
तापमान: गोणपाट गार, तळवे गरम.
शेरा: डावा पाय गेला.
उजव्या हाताला बांगड्याचा वास,
तर्जनीला जास्त.