कडी

सकाळचे सव्वापाच. कोपरखैरणे.
मी ओट्याशी उभी, हातात गरम पाण्याचा पेला,
वर तुपाचं पिवळं नाणं तरंगतंय.
हा उपाय भारतीवहिनींचा.
याच्या आधी एरंडेल होतं, चहातून, नाक दाबून.
ते सासूबाईंचं. जाताना माझ्यासाठी म्हणून
त्यांनी एवढं एकच मागे ठेवलं.

इसबगोलाचं तर काय सांगू,
ढवळता ढवळता फोन घेतला की पेल्यात खीर.
आणि फोन नेमका सुमनचा, घणसोलीहून:
ताई, काळ्या मनुका भिजव. अकरा. मोजून अकरा.
अकराच का, तिलाही ठाऊक नाही.
मी बारा टाकते. एवढी हिंमत आहे माझ्यात.

ह्यांनी तुर्भ्याहून पपया आणल्या वर्षानुवर्षं,
माल उतरवताना फुटलेल्या, स्वस्तातल्या.
पन्नास किलोची गोणी पाठीवर पेलणारा माणूस
बायकोचा कोठा कसा हलका करावा
हे विचारत फिरला गाळ्यागाळ्यांतून,
मुकादमाला, दिवाणजीला,
एकदा तर लसणाच्या व्यापाऱ्याला.
तो म्हणाला, लसूण.
मग काय, अख्ख्या मार्केटला कळलं,
शेलारच्या मंडळींचं पोट साफ होत नाही.
त्या संक्रांतीला मी एकाही हळदीकुंकवाला गेले नाही.

नवी डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची.
कधीपासून, तिनं विचारलं.
मी म्हटलं, आधीपासून.
तिनं पेन खाली ठेवलं
आणि बाहेर एवढी रांग असताना
नुसती बसून राहिली.

शहाण्णव साली मेढ्याहून आले मी लग्न होऊन.
एक खोली, आठ माणसं,
मोरीला चिकटून संडास.
दाराला कडी नव्हती. सुतळी होती,
ती आतून ओढून धरायची आणि बसायचं.
बाहेर मामंजींचा खोकला, दिरांची शाळा,
ह्यांची पहाटेची पाळी,
नळाला पाणी जेमतेम पाऊण तास.
झालं का गं?
झालं, म्हणायचे मी.
झालं, झालं.

माहेरी आम्ही चौघी ओढ्याकाठी जायचो अंधारात,
चार हातांवर बसून एकमेकींच्या सासूंची नक्कल करत.
तिथं कधी काही अडलं नाही.

हे सगळं मी बोलले की नुसतं आठवलं,
आता सांगता येत नाही.
तिनं थायरॉईडची तपासणी लिहिली,
पाणी, पालेभाजी, संध्याकाळचं चालणं.
मग म्हणाली, काकू, कमोडवर बसताना
पायाखाली काहीतरी उंच घ्या.
आणि घाई करू नका.
घाई करू नका, हे मला आजवर
कुणी म्हणाल्याचं आठवत नाही.

पायाखाली नातवाचा निळा स्टूल घेतला,
त्यावर बदकाचं चित्र, एक डोळा खरवडलेला.
घर आता वर चढलंय, दोन मजले.
दीर पनवेलला, मामंजी फोटोत.
दाराला स्टीलची कडी आहे, चांगली जाड,
आणि मी ती लावलेली आहे.
तरी पाहते तर काय,
उजवी मूठ आवळलेली,
त्या दाराकडे ताणलेली,
सुतळी धरल्यासारखी.

बोटं एकेक करून सोडवावी लागली.
करंगळी सगळ्यात शेवटी.

तेवढ्यात बाहेरून हे:
झालं का?

तोंडात झालं आलंच होतं.
नाही, म्हटलं. अजून नाही. थांबा.

बराच वेळ काही आवाज नाही.
मग चपला वाजल्या,
जिन्यावरून खाली, कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे.

त्या दिवशी काही झालं नाही.
दुसऱ्या दिवशीही.
गुरुवारचं मात्र
मी कुणालाच सांगणार नाही.
ह्यांना तर नाहीच,
हे मार्केटात सांगतील.