वगळायच्या गोष्टींची यादी

बेटांवर सतरा ठाणी, सतरा संगणक,
आणि प्रत्येकात बॅकअपची फाइल
ज्याच्या त्याच्या हातची.
मी तोर्शाव्हनला रुजू झाले तेव्हा
कुणी रात्री दोनला प्रत काढायचं, कुणी मंगळवारी,
कुणी आठवण झाली की.
साँडोयला तर बॅकअप बंदच. सहा वर्षं.
फाइलीत शेरा : तात्पुरता बंद. नेट हळू आहे. नंतर सुरू करणे.
शेरा लिहिणारा बाप्या
डेन्मार्कात पाव भाजत होता.

मग मी एकच फाइल लिहिली.
रोज पहाटे तीनला ती इथून निघणार,
समुद्राखालच्या तारेतून सतराही ठिकाणी पोचणार,
आणि तिथं जे असेल
त्याच्यावर जाऊन बसणार.
सब घोडे बारा टक्के.
पडद्यावर सतरा हिरवे ठिपके.
त्या आठवड्यात मला फार छान झोप लागली.

फुग्लोयच्या ठाण्यावर यालग्रीम,
भरती-ओहोटी मोजणारा.
त्याचं यंत्र त्याच्याइतकंच हट्टी :
दर सहा मिनिटांनी पाण्याची उंची लिहायचं
ती टेम्प शेपटीच्या फायलींत.
आणि माझ्या यादीतली चौथी ओळ होती
टेम्प शेपटीचं काहीही घेऊ नये.
बाकी सोळा ठिकाणी तो कचराच असतो.

त्यानं आपल्या फाइलीत एक अपवाद लिहून ठेवला होता,
वर शेरा :
हे वगळू नका. हा समुद्र आहे.

पहाटे तीनला तो पुसला गेला.
त्यानं पुन्हा लिहिला.
पुन्हा तीन वाजले.
अकरा वेळा.
माझ्याकडच्या नोंदवहीत हे सगळं आहे, वेळेसकट :
स्थानिक बदल आढळला. दुरुस्त केला.
स्थानिक बदल आढळला. दुरुस्त केला.
मी वाचलं नाही.
हिरव्या ठिपक्याची नोंदवही कोण वाचतं?

फेब्रुवारीच्या वादळात त्याची डिस्क गेली.
मी सगळं परत आणलं : चौदा महिन्यांचे चौदा कप्पे,
नावं बरोबर, तारखा बरोबर,
आत पाण्याचा थेंब नाही.

टपालाच्या बोटीनं गेले. उलट्या केल्या.
तो ओरडला असता तर बरं झालं असतं.
त्यानं कॉफी ओतली,
वाऱ्यावर सुकवलेलं मटण कापलं, पातळ,
आणि मी म्हणाले, जाऊ दे, पुन्हा ज्याची त्याची फाइल करते.
तो म्हणाला, नको.
तो साँडोयवाला अजून पावच भाजतोय ना?

मग सुरीनंच खिडकीबाहेर दाखवलं.
मेंढ्या डोंगरावर एकत्र चरतात,
खाली हाकून आणायला सगळं गाव जातं.
कानाची खूण मात्र
घरागणिक वेगळी.

आता माझ्या फाइलीची शेवटची ओळ अशी आहे :
तिथली फाइल असेल, तर ती माझ्यानंतर वाच.
नंतर हा शब्द लिहायला मला दोन दिवस लागले,
कारण यंत्राच्या लेखी
जो शेवटी बोलतो त्याचंच खरं.
फक्त अपवादाखाली नाव हवं, तारीख हवी,
वर्षभर कुणी विचारपूस केली नाही
की ठिपका पिवळा.

आज सकाळी सोळा हिरवे, एक पिवळा. फुग्लोय.
इथूनच एक कळ दाबली तर तोही हिरवा होईल.
बोट कळीवर आहे.
दुसऱ्या हातात फोन.
वाजतोय, वाजतोय.
पाणी बघायला खाली गेला असेल.