शेवटचा डबा

रविवारी सकाळी सात, बर्डीच्या मागच्या गल्लीत
शंभरकरच्या ठेल्यावर आमची बैठक.
विषय एकच, चौतीस वर्षं:
कोलारकरांचा सर्वांत भारी सिनेमा कोणता.

धोटे आधी तर्री मागतो, मग मुद्दा.
"'नावाडी नाही'. खलास. पुढं बोलूच नका बे.
बाप बुडते, टोपी वाहत जाते, पडद्यावर 'समाप्त' येते,
लोक उठते, कोणी विडी पेटवते
अन् दार वाजते!
बाप उभा, ओलाचिंब. म्हणते, 'पंचा दे.'
समाप्त झाल्यावर सिनेमा चालू ठेवणारा
दुसरा माणूस दाखवा मले."
हे सांगताना त्याचा हात दर वेळी
पोह्यांतून बाहेर येतो, पंचा मागत.

मी 'दोन कंदील'वाला. माझा मुद्दा तसा लंगडाच:
एक बाई बराच वेळ कंदिलाची काच पुसते, राखेनं,
आणि माझी आई तशीच पुसायची.
"हा मुद्दा नोहे, हे तुह्यं घर हाय," धोटे म्हणतो.

चेतना रामटेके, जरीपटक्याच्या शाळेतून निवृत्त,
'खापरी नाका'वर ठाम.
"चहावाला एकाच माणसाचा कप दोनदा विसळतो,
आणि कोणी काही बोलत नाही. संपलं.
तुमच्या नावाड्यात बाप मरतो. मरतोच.
दार-बिर काही वाजत नाही."
मग आम्ही हसतो.
मॅटिनी होती, मे महिना होता, मॅडमचा डोळा लागला असेल.
चौतीस वर्षं हसतो आहोत.

रज्जाकभाई बोलत नाहीत.
ते मशीन चालवायचे त्या टॉकीजमध्ये
जिथं आता चपलांचं दुकान आहे, तीन मजली.
पोहे संपवतात, कांदा उरवतात, ऐकतात.

गेल्या महिन्यात नातीनं मोबाइलवर लावून दिला
'नावाडी नाही'.
बाप आला घरी, पंचा मागितला,
पण शेवटाच्या वीस मिनिटं आधीच.
मग नदी. मग टोपी. समाप्त.
मी दाराची वाट पाहत बसलो.
काळ्या काचेत नुसता माझा चष्मा.

संध्याकाळी मोमिनपुऱ्यात गेलो.
रज्जाकभाईंनी आधी सरबत मागवलं.
"कूलरचं पाणी टपकत होतं डब्ब्यांवर.
चिठ्ठ्या निघून गेल्या. सात कोणता, आठ कोणता.
समाप्त आलं तं पाहतो काय, एक डब्बा भरलेलाच.
पब्लिक उठून राहिली होती.
पैसे घेतले होते, भाऊ. लावून देल्ला."
"मग दुसऱ्या दिवशी?"
"दुसऱ्या दिवशी बाहेर लाइन होती."
ते हसले नाहीत.
"हफ्ताभर तसाच चालवला."

या रविवारी धोटेनं पुन्हा पंचा मागितला.
रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कांद्याकडे.
मी विचारलं, "मॅडम, तुम्ही 'नावाडी' कुठं पाहिला होता?"
"कामठीला. भावासोबत. का?"
"सहज."
त्या बघत राहिल्या,
दोन पोरांच्या पेपरात एकच चूक सापडावी तसं.

"मतं टाका रे," धोटे म्हणाला.
मी हात वर केला, 'नावाडी नाही'ला, पहिल्यांदाच.
कोणता, ते कोणी विचारलं नाही.
धोटेनं खुशीत सगळ्यांचे पैसे दिले.
मॅडमनी मात्र आपले वीस रुपये
वेगळे मोजून ठेवले, ओल्या ताटलीखाली.