अंदाजे

सेमिनरी हिल्सच्या चढावर आमचं दगडांचं कपाट.
मी लेबलं लिहिते, काळ्या शाईत, रेघ आखून.
‘सहा कोटी साठ लाख वर्षे, अंदाजे.’
अंदाजे म्हणजे दोन-पाच लाख इकडेतिकडे.
त्याबद्दल कोणी माफी मागत नाही.

साहेबांच्या तोंडी ‘अलीकडे’ आलं
की समजायचं दहा हजार वर्षं.
‘अलीकडे नदी जरा सरकली,’ म्हणतात
आणि चहात बिस्किट बुडवतात.

खाली तर्री-पोह्यांच्या गाडीवर
दोघं एकमेकांच्या पाठीत धपाटे घालतात:
युगं झाली बे! कुठं रायते तू?
युग म्हणजे दसऱ्यापासून.

कळमेश्वरच्या मामेसासऱ्यांकडे
आवंदा, गुदस्ता, परार, एवढंच.
त्याच्या पलीकडचं सगळं ‘मागे’.
मागे विहीर होती, मागे रेल्वे आली, मागे राजे होते,
एकाच गोणीत.

तप म्हणजे बारा वर्षं, शाळेत शिकले.
पण मे महिन्यात, गच्चीखालच्या खोलीत,
कूलरचं पाणी संपलेलं, पारा शेचाळीसवर,
तेव्हा दुपारी अडीच ते चारमध्ये
एक अख्खं तप मावतं.
मी मोजलंय.

शहराच्या मध्यावर अंतरं मोजायचा खांब आहे.
अमक्या गावाला इतकं, तमक्याला तितकं.
काळाला असा खांब कोणी पुरला नाही,
ज्याला टेकून म्हणावं, इथून धरा.

धुर्व्यांचा मात्र ठरलेला होता, दर नव्वदाव्या दिवशी.
सोमाजी धुर्वे, तात्पुरते.
एकोणनव्वद दिवस काम, एक दिवस घरी,
मग पुन्हा तात्पुरते. तेवीस वर्षं.
दगड पुसता पुसता विचारायचे,
‘बाई, याच्यावर शून्यं किती?’
मी सांगायची.
‘मंग हा परमनंट हाये,’ म्हणायचे,
आणि त्याला जरा जास्त पुसायचे.

शुक्रवारी त्यांचा कागद आला.
सेवाकाळ या रकान्यात
बारीक टायपात: ८९ दिवस.

त्यांनी तो चौघडी करून खिशात ठेवला,
फडकं धुतलं, खिडकीत वाळत घातलं.
सोमवारी ते तिथेच होतं, पापडासारखं कडक.
मी एक कोरं लेबल घेतलं, रेघ आखली.
‘अंदाजे’ लिहून झालंय.
त्याच्या आधी काय लिहायचं
ते अजून ठरत नाही.