फोस्का बूट उलटा करून पाहते

लुक्का शहरात, घड्याळाच्या मनोऱ्याखाली,
फिलुंगो गल्ली जिथे जरा अंग चोरते
तिथे फोस्का बाचोकीचं बुटांचं दुकान.
काचेत फक्त डावे पाय मांडलेले.
एका पायाची चोरी कोण करणार?
आणि केलीच, तर बिचाऱ्याला गरज असेल, ती म्हणते.

गिऱ्हाईक बसलं की तोंडाकडे नंतर बघते.
आधी त्याचा जुना बूट उलटा.

टाचेची बाहेरची कड गेली:
हा तटावरून फिरतो, रोज, एकाच दिशेनं.
चवड्याला आडवी चीर:
ही गुडघे टेकते, सान फ्रेदियानोत,
सांता झिताच्या काचपेटीसमोर.
"सून मिळावी म्हणून, की सून जावी म्हणून?"
फोस्का विचारते, आणि अडतीस नंबरचं खोकं काढते.
वकील देल कार्लो रविवारची प्रार्थना चुकवत नाहीत म्हणे;
तळाला कॅफेतली साखर.
ती बोलत नाही. पुसते.

सान मार्तिनोत लाकडी ख्रिस्त आहे,
चांदीचे जोडे घातलेला.
भुकेल्या वादकाला त्यानं एक जोडा पायातून सोडला,
परत चढवायला गेले तर बसेना, अशी गोष्ट.
"पाय सुजला असणार, उभं राहून राहून,"
फोस्काचा निकाल. "आमच्या बापाचाही सुजायचा."

बाप, ओरेस्ते, फेब्रुवारीत गेला.
चाळीस वर्षं, दुपारी एक वाजला की
"बँकेत जाऊन येतो."
बँक समोर. अकरा पावलं.
आणि बँक एक ते अडीच बंद असते,
हे तिला काल सुचलं,

कुणाला तरी द्यावेत म्हणून
त्याचे तपकिरी बूट काढले तेव्हा.
चवडा कागदासारखा पातळ, टाच जवळजवळ नवी.
चढणाऱ्याचा तळ.
शिवणीत एक वाळकं, चिवट पान. ओकचं.

गुइनिजींच्या मनोऱ्यावर, अगदी माथ्यावर, ओकची झाडं आहेत.
दोनशेच्या वर पायऱ्या. त्या सुजलेल्या पायानं.
काय बघायचा?
स्टेशन? डोंगर? की नुसती
कुणी काही मापायला न सांगणारी हवा?
फोस्का कधी चढली नव्हती. इथलं कोण चढतं?

आज एकाचा टोला पडला.
तिनं शटर अर्ध्यावर ओढलं, आत वाकून
मोज्यांवर मोजे चढवले, वर त्याचे बूट,
आणि दाराला चिठ्ठी अडकवली:
बँकेत गेले आहे.

शेजारच्या चष्मेवाल्यानं ती वाचली.
हसला नाही.
त्याला माहीत असावं.